सातवी ओळ

भुताखेताचा विषय निघाला की मी चहा सांगायला उठतो... असा माणूस. छप्पनच्या धम्मदीक्षेपासून आमच्या घरात देव्हारा नाही, बुद्धाची एक तसबीर तेवढी. तरीही हे लिहितोय.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी शाळेत इतिहास शिकवायचो, म्हणून जुनी देवळं, लेणी, शिलालेख यांची यादी करायचं काम हौसेनं अंगावर घेतलं. सोबत उस्मानचाचा — पेशानं बुकबाइंडर, पण शिलालेखाचे ठसे घेण्यात उस्ताद. ओला कागद दगडावर ब्रशनं ठोकून बसवायचा, वरून शाई फिरवायची. सायकलीवर निम्मा जिल्हा पालथा घातला. काय वैभव आहे हो आपल्याकडे!

निलंग्याकडच्या एका वस्तीवर पोचलो तर बैलगाड्या भरलेल्या. विहीर आटली होती, सकाळी सगळे गाव सोडणार होते. आम्ही देवळातल्या लेखासाठी पाणी मागितलं आणि गाडीत भांडी भरणाऱ्या गिरजाबाई भडकल्या.

"कागदाला पाणी? लेकरं कोरड्या तोंडानं हिंडायलीत, गुरुजी!"

तरी अर्धा तांब्या दिलाच. आधी ओळी मोजून वहीत मांडायच्या हा आमचा नेम, पण त्या दिवशी शरमेनं चाचांनी घाईघाईत ठसा घेतला. मोजायचं राहिलं.

कागद वाळल्यावर मी वाचला. सात ओळी. सहा दानाच्या, नेहमीच्याच. सातवी — पूर्वेस शंभर पावलांवर बारव!

"चाचा, तिकडं तर नुसतं माळरान आहे. पायऱ्यांची विहीर कुठली?"

"लिख्या है ना? खोदो फिर!"

पहिली कुदळ गिरजाबाईंनी उचलली. दिवस कलायच्या आत दगडी पायरी लागली. गाड्या थांबल्या. तिसऱ्या दिवशी ओला गाळ, आणि मग पाणी... पाणी! गिरजाबाईंनी पहिली घागर चाचांच्या डोक्यावर ओतली.

"घ्या, भिजवा किती कागद भिजवायचे ते!"

अख्खी वस्ती हसत होती, रडत होती. मीसुद्धा.

त्याच पाण्यानं दगड धुऊन मी ओळींची राहिलेली मोजणी करायला बसलो. सहा. खाली कोरा दगड, छिन्नीचा ओरखडाही नाही. चाचांनी तीनदा त्यावर बोट फिरवलं. त्यांना जुनी लिपी वाचता येत नव्हती, मला ठसा घेता येत नव्हता. मग ती ओळ कागदावर आणली कुणी?

परवा पुन्हा जाऊन मोजल्या. सहाच आहेत. बारवेवर गिरजाबाईंच्या नातसुना पाणी भरत होत्या.