स्कॅनच्या खोलीत ऐकलेला आवाज

मी कॉलेजात गणित शिकवतो. कुणी असले अतर्क्य अनुभव सांगायला लागलं की विषय बदलणारा माणूस मी. तरी हे लिहितोय...

आम्ही बंगळुरातल्या राजाजीनगरचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. कोविडच्या दुसऱ्या लाटेत मी आणि माझी थोरली बहीण, अक्का, एकाच दिवशी दवाखान्यात दाखल झालो. दोघांनाही न्यूमोनिया. मी उठलो, अक्का गेली. मला ते नऊ दिवसांनी सांगितलं.

मी बरा झालो, तरी फुफ्फुसांच्या तळाशी व्रण राहिले—स्कॅनमध्ये पांढुरकी जाळी दिसायची. गेल्या वर्षी दम फारच लागायला लागला. दोनदा स्कॅन केला; दोन्ही वेळा श्वास धरताना खोकला आला आणि चित्रं हलली. डॉक्टर म्हणाले, "व्रण वाढताहेत की जुनेच आहेत, ते दिसलं नाही तर फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासावा लागेल." बायको सुमती त्या दिवशी जेवली नाही.

तिसरा स्कॅन बनशंकरीतल्या एका सेंटरमध्ये. सकाळचे अकरा. टेबलावर आडवा झालो, डोळे मिटले. टेबल आत सरकलं... आणि अगदी कानाशी—

"पुट्टा, घे श्वास. धर... स्वल्प अजून... अजून... हां, सोड आता."

अक्का! मला पुट्टा, म्हणजे कन्नडमध्ये छोट्या, म्हणणारी तीच एक. अंगावर सर्रकन काटा आला, पण खोकला आला नाही.

बाहेर टेक्निशियन बाई गोंधळून उभ्या होत्या. कन्नडमध्ये म्हणाल्या, "सॉरी सर, आतला स्पीकर बंद पडलाय, स्कॅन सुरू केल्यावर कळलं. श्वास धरायच्या रेकॉर्ड केलेल्या सूचना ऐकूच आल्या नसतील. मग बरोबर वेळेला श्वास कसा धरलात?"

"रेकॉर्डिंग मराठीत आहे का?"

"छे, कन्नड आणि इंग्लिश."

चित्रं स्वच्छ आली. व्रण जुनेच, वाढलेले नाहीत. तुकडा काढायची गरज उरली नाही.

ऑक्सिजन कमी पडला की मेंदू काहीही ऐकवतो म्हणे. पण आत जाण्याआधी बोटावरचं यंत्र पंच्याण्णव दाखवत होतं. दुसरं कारण मला अजून सापडलेलं नाही.

घरी येताना गाडीत सुमतीला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही. मग म्हणाली, "अहो, त्या गेल्या तेव्हा जवळ कोण होतं, ते विचारलंत का अक्कांना?"

नाही विचारलं. अक्काने मला श्वास धरायला सांगितलं होतं.