दहा पावलांनी एकदा

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते वर्गाच्या खिडकीतून, आणि तेही माझ्या पोरांमुळे. सातवीचा तास होता. मी फळ्यावर लिहीत होते आणि मागच्या बाकांवरून दबक्या आवाजात आकडे ऐकू येत होते. "सात, आठ, नऊ, दहा... फिरले!" मागोमाग खसखस. मी खिडकीशी गेले. समोरच्या फुटपाथवरून एक उंच, ताठ गृहस्थ हत्यारांची पेटी घेऊन चालले होते. दहा पावलं झाली की ते उजव्या खांद्यावरून मान वळवून मागे पाहत आणि पुन्हा चालू लागत. मागे कोणीही नव्हतं.

"बाई, आम्ही त्यांना मागेपाहू म्हणतो," एका धीट मुलीनं माहिती पुरवली. "कधीच चुकत नाहीत. नऊ नाही की अकरा नाही."

"तुमचे पाढे इतके बिनचूक आले असते तर!" असं म्हणून मी खिडकी लावली. पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी स्वतः मोजत उभी होते, हे कबूल करायला हवं.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, शाळेतून निवृत्त झाल्यावर, माझं शिवणयंत्र अडकायला लागलं म्हणून मी ते भाचीच्या गाडीत घालून दुरुस्तीच्या दुकानात नेलं, तर समोर मागेपाहू. दुकान म्हणजे जिन्याखालची एक अरुंद खोली. भिंतीला छोटे छोटे खण, प्रत्येकावर सुईचा नंबर लिहिलेला. सगळीकडे यंत्राच्या तेलाचा वास. त्यांनी माझ्या यंत्राचं चाक एका बोटानं फिरवलं, कान जवळ नेला आणि म्हणाले, "यंत्र ठणठणीत आहे. तुम्ही घाई करता."

भाचीचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ती भिंतीवरचा एक फोटो पाहत होती. एका लढाऊ विमानासमोर दोन तरुण उभे. डावीकडचे म्हणजे हे, मानेवरूनच ओळखू येत होते. उजवीकडच्याचं जाकीट त्याच्या मापाचं नव्हतं, बाह्या बोटांवर आल्या होत्या, आणि त्यानं ओठांचा चंबू केला होता.

"आजोबा, हे विमान तुम्ही चालवायचात?"

"लढाईत. दोन वर्षं. मग शिवणयंत्रं. यात फार तर बोटात सुई जाते."

"आणि हे कोण?"

"माझा जोडीदार. त्याला शिट्टी वाजवता यायची नाही, आणि तो दिवसभर वाजवायचा."

माझी भाची आठवडाभर लोकांचे दात काढते आणि शनिवारी गावाबाहेरच्या गवताळ मैदानावरून दोन आसनांचं छोटं विमान उडवते. तिथे तिच्यासारखे पाच-सहा हौशी आहेत. एक बेकरीवाला, एक प्लंबर, बँकेतली एक बाई. तिनं आजोबांना तिथल्या तिथे आमंत्रण दिलं. "मी नुसता बघेन," ते म्हणाले. पुढची चार वर्षं एक शनिवार चुकला नाही. मीही डबा घेऊन जायला लागले, कारण घरी बसून तरी काय करायचं?

त्यांनी या मंडळींना मोठंसं काही शिकवलं नाही. दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, पेट्रोलच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. त्यांनी खुणा कोरलेली एक लाकडी पट्टी करून दिली. निघण्यापूर्वी प्रत्येकानं ती टाकीत घालायची, ओल कुठवर आली ते पाहायचं आणि मोठ्यानं सांगायचं. "काटा थापा मारतो. लाकडाला ते जमत नाही." दुसरी, दोन विमानं एकत्र गेली तर पुढच्यानं मनात दहा मोजायचे आणि मागे उजवीकडे पाहायचं. पुन्हा दहा, पुन्हा पाहायचं. मैदानावर विमानाशी चालत जातानासुद्धा ही मंडळी तशी माना वळवायला लागली, तेव्हा मला माझा सातवीचा वर्ग आठवला.

प्लंबरनं तर उडणं सोडलंच होतं. एकदा उतरताना त्याचं विमान तीन वेळा उसळलं, आणि बेकरीवाला सगळ्यांदेखत म्हणाला, "वा! एका तिकिटात तीन खेळ!" गडी महिनाभर फिरकला नाही. आजोबांनी त्याला घरचा नळ गळतो म्हणून बोलावलं. नळ काही गळत नव्हता. "मी पहिल्यांदा उतरलो ना," त्यांनी त्याला सांगितलं, "तेव्हा माझे गुरुजी विमानातून उतरले आणि छावणीपर्यंत सात मैल पायी गेले. गाडीत बस म्हटलं तर म्हणाले, आज आणखी कशात बसायची माझी ताकद नाही." पुढच्या शनिवारी प्लंबर मैदानावर हजर.

आजोबांनी स्वतःसाठी काही मागितलं ते एकदाच, गेल्या वसंतात. आम्ही पत्र्याच्या शेडबाहेर बाकावर बसलो होतो, मी, भाची आणि ते.

"मला एकदा वर न्याल?" ते म्हणाले. "पण उजवीकडे मागे दुसरं विमान हवं. दोन वर जावीत आणि दोन खाली यावीत. तेवढंच."

मग त्यांनी ते सांगितलं. लढाईतली परतीची वाट होती, जोडीदाराचं विमान उजवीकडे मागे. पेट्रोलचा काटा एकदम शून्यावर आला. त्यांनी काचेवर टिचकी मारली, पुन्हा मारली, हिशेब करत बसले. "दहाऐवजी तेवीस झाले, बाई. मी नंतर मोजून पाहिले. मान वळवली तर आकाश मोकळं." त्यांना मागे फिरायचं होतं, पण बिनतारीवर हुकूम आला, पेट्रोल नाही तर सरळ घरी या, तो उतरला असेल कुठेतरी. ते घरी आले. टाकीत पट्टी घातली तर ती अर्ध्यापर्यंत ओली. काटा बिघडला होता. जोडीदार कुठे उतरला ते आजवर कोणाला कळलं नाही.

परवानगी मिळवणं सोपं नव्हतं. त्यांची मुलगी त्यांच्याबरोबर दुकानाच्या वरच राहते. ती ऐकूनच उखडली. "बाबा, जिन्याच्या चौथ्या पायरीवर धाप लागते तुम्हाला, आणि आकाशात चढायचंय?"

"जिना पायांनी चढतो मी. तिथे बसायचंय."

"बाई, तुम्ही तरी समजवा ना यांना!"

मी त्यांना समजवायला गेले आणि तिलाच समजवून आले. डॉक्टरांनी अर्धा तास दिला, तोही कमी उंचीवर. भाची विमान चालवणार, आजोबा शेजारी बसणार, मागे उजवीकडे प्लंबर एकटा. दोन्ही टाक्यांत पट्टी घातली गेली. आजोबांनी दोन्ही वेळा पट्टी स्वतः पाहिली, बोटानं पुसली आणि पुन्हा घालायला लावली.

विमानं गेली. मुलगी आणि मी बाकावर. ती सारखी पर्सची चेन उघडत होती, लावत होती. पंधराएक मिनिटांनी आवाज आला. मी वर पाहिलं. एकच विमान येत होतं.

"एकच आहे," ती म्हणाली. माझं मनगट तिनं असं धरलं की नखांचे वण दोन दिवस राहिले. "बाई, कुठलं आहे ते?"

प्लंबर होता. उतरून धावतच आमच्याकडे आला. "काही नाही, काही नाही! माझं इंजिन फडफडायला लागलं म्हणून मी वळलो. सांगितलंय त्यांना. येतायत ते."

सांगितलं होतं हे खरं, पण ऐकलं होतं भाचीनं. आजोबांच्या कानातलं यंत्र शिट्टी मारत होतं म्हणून त्यांनी हेडफोन मानेवर ओढून ठेवला होता. भाचीनं नंतर मला सांगितलं, "मावशी, ते दर दहाला वळत होते आणि हसत होते. मग एकदा वळले आणि तसेच राहिले. मी ओरडून सांगितलं, आजोबा, तो उतरायला गेलाय! तर माझ्याकडे बघून म्हणाले, हे मला एकदा सांगून झालंय. दाखव."

तिनं विमान फिरवलं. आम्हाला खालून दिसलं, ते छोटं पांढरं विमान उतरायला येत नव्हतं. मैदानावरून अगदी खालून गेलं. वळून पुन्हा आलं. तेव्हा प्लंबरच्या डोक्यात प्रकाश पडला. तो मैदानाच्या मध्ये धावला आणि टोपी काढून दोन्ही हात हलवायला लागला. तिसऱ्या फेरीनंतर ते उतरले.

मुलीनं त्यांना हाताला धरून उतरवलं. ते सरळ प्लंबरकडे गेले, त्याच्या गालावर तळवा ठेवला आणि बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "प्लगवर काजळी असणार. साफ कधी केले होतेस?"

"गेल्या... केले होते, आजोबा."

"खोटारडा. काढ बाहेर."

प्लग काढले. काजळी होती. बेकरीवाला काहीतरी बोलणार होता, पण भाचीनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं प्लग पुसायला फडकं पुढे केलं.

मला वाटलं होतं, आता त्यांची ती मान वळवायची सवय सुटेल. पुढच्या आठवड्यात माझ्या खिडकीखालून ते चालले होते. मी मोजलं. दहा.

दुकानात गेले तेव्हा न राहवून मी विचारलं, "काका, अजून? दोन वर गेली, दोन खाली आली की!"

ते एका जुन्या यंत्राला तेल सोडत होते. थेंब पडेपर्यंत थांबले.

"तो प्लंबर होता, बाई," ते म्हणाले.

आता ते एक्याण्णव वर्षांचे आहेत. दुकान दुपारी बंद करतात. शनिवारी मुलगी त्यांना गाडीनं मैदानावर सोडते आणि ते शेडबाहेरच्या बाकावर डाव्या टोकाला बसतात. दोन विमानं वर गेली असतील, तर दुसरं उतरेपर्यंत ते चहाच्या कपाला हात लावत नाहीत. बहुतेक वेळा तो गार झालेला असतो, आणि ते तसाच पितात.