भरदुपारचा कंदील

तान्ह्या बाळांना इतक्या प्रेमाने शिव्या घालणारी बाई साऱ्या खानदेशात दुसरी झाली नसेल. साठ सालाच्या आसपास मी सारंगखेड्याला मास्तर होतो आणि या सरकारी नर्सबाई माझ्या शेजारी राहत. देवी टोचायला त्या शाळेच्या ओसरीत बसल्या, की पोराला हात लावायच्या आधी गर्जना होई, "काय माकड शे वं हाई! कोठून उचली आणं?" आया खूश. पोराला चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, ही आमच्याकडे काळ्या दगडावरची रेघ. माझ्या मुलीला त्यांनी "उकडेल वांगं" म्हटलं तेव्हा मी घुश्शात होतो. बायको मात्र दिवसभर हसतमुख.

या शिव्यांमागे डाव होता. शिवी ऐकली की आया पोराच्या तोंडावरचं फडकं बिनघोर बाजूला करत, आणि बाई पेटता कंदील पोराच्या डोळ्यांपुढून सावकाश फिरवत. भर दुपारी! हुकूम फक्त टोचण्याचा होता. कंदील ही बाईंची स्वतःची भर. त्यासाठी माझ्या वर्गाच्या खिडक्या बंद, मुलं बाहेर आणि पाढे चिंचेखाली. मी कुरकुरलो तर म्हणत, "गुरुजी, पाढे उद्या बी येतीन. डोळा मातर लहानपनीच देखना पडस."

एकदा गावातल्या एका गुजर घरची आजी काही महिन्यांचा नातू घेऊन आली. मागे सून. आजीचा तोरा काय वर्णावा! "मन्हा नातू कशालेच घाबरत नही. तोंडापुढे दिवा धरा, पापनी हालत नही." बाईंनी कंदील फिरवला. आवाजाच्या दिशेने पोर गोड हसलं, पण नजर होती तिथेच. काजळाच्या गर्दीत दोन्ही बाहुल्या पांढुरक्या दिसत होत्या. बाई शिवी विसरल्या आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कितलं देखणं पोर शे, माय!"

सुनेचा चेहरा खर्रकन उतरला. "बाई, काय व्हयनं? खरं सांगा."

"बाहुलीवर पांढरं शे. याले दिसत नही."

"आतेपावतर धड व्हतं!" आजी कडाडली. "तुन्हीच नजर लागनी!"

मला वाटलं, बाई आता शास्त्र सांगतील. छे! त्यांनी मान खाली घालून गुन्हा कबूल केला. "हां माय, मन्हीच लागनी. मंग ज्यानी लागनी त्यानीच उतारनी पडस ना? हाऊ उतारा मुंबईले व्हई. मी संगे येस." रीतच तशी असल्यामुळे आजीला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

रजा काढून बाई सून आणि पोराला घेऊन निघाल्या. तापी ओलांडून दोंडाईचा, तिथून सुरतेवरून मुंबई. तिथल्या मोठ्या दवाखान्यात दोन्ही डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली. एक साधला, एक नाही. पुढे गावी परतल्यावर नाडीने डोक्याला बांधलेला जाड भिंगांचा चष्मा आला. तो लावून पोराने बाईंचा चेहरा पहिल्यांदा जवळून पाहिला आणि भोकाड पसरलं. "दिसी ऱ्हायनं वं, त्याले दिसी ऱ्हायनं!" म्हणत बाई त्याच्यापेक्षा मोठ्याने रडल्या. डोळे मीही पुसले, त्यात लाज कसली?

गावाने मात्र एवढंच लक्षात ठेवलं, की बाईंची नजर वाईट. मला फार लागायचं ते. "खरं काय ते सांगून टाका," मी एकदा म्हटलं. त्या हसल्या. "सांगसू तर उतारा खोटा पडी, गुरुजी. मंग दुसऱ्या पोरना वखत मन्हं कोन ऐकी?"

त्यांची बदली झाली तेव्हा निरोपाला सारं गाव लोटलं. बायका पदराने डोळे पुसत होत्या, आणि त्याच पदराखाली आपापली पोरं घट्ट झाकून उभ्या होत्या. तोंड न झाकलेला एकच, आईचं बोट धरून सगळ्यांच्या पुढे आलेला तो चष्मेवाला. टांगा निघाला तसा तो हात हालवू लागला. त्याच्या त्या एका डोळ्याला टांगा आम्हा सगळ्यांच्या आधीच दिसेनासा झाला असणार. माणसं पांगली, आईने दोनदा हाक मारली, तरी तो रस्त्याकडे तोंड करून हात हालवतच होता.