बायडाबाईचे भुंगे

मला हातावर हात ठेवून बसणं कधी जमलंच नाही. आमची आई बायडाबाई म्हणते, "संभ्या, तुला दम म्हणून नाही." खरंय तिचं.

हिंजवडीत घरामागं आमचं दीड एकर कुरण उरलंय. तिथं आईच्या दोन म्हशी चरतात. पण गाजर गवत माजलं, आणि त्याला फुलोरा आला की आईचे डोळे सुजून मिटायचे, धाप लागायची. सदाशिव पेठेतले डॉक्टर म्हणाले, "आजी, एक तर गवत जाईल नाहीतर तुम्ही. ठरवा काय ते." म्हशींमागं तिनं कुरणात जाऊच नये म्हणून मी त्या विकायचं काढलं, तर केवढी भडकली!

"मंग मी दिवसभर काय करू रं? तुझा टीव्ही पुसत बसू?"

शेवटी तिनंच शेतकी कॉलेजातून गाजर गवत खाणारे बरणीभर भुंगे आणले आणि आषाढात गवतावर सोडले. मी हसलो होतो. गौरी आल्या तोवर पानांची चाळण झाली, फुलोरा धरलाच नाही. त्या वर्षी आई रात्रभर झोपायला लागली. कुणी फवारणीचा पंप घेऊन फिरकलं की ही काठी घेऊन उभी!

दिवाळीनंतर भुंगे दिसेनात. मला वाटलं, काम झालं, मेले. शेतकऱ्याच्या पोराला पडीक रान बघवत नाही. माघात आई मुळशीला बहिणीकडं गेली आणि मी ट्रॅक्टर लावून कुरण खोल नांगरून घेतलं. म्हटलं, खूश होईल. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

आई परतली ती ढेकळांतच बसली. हातानं माती चाळत म्हणाली, "खाली निजले व्हते रं ते. पावसात उठणार व्हते."

"आये, मला काय ठाऊक?"

"इचारायचं तरी."

खालचं बी मात्र वर आलं. जुलैत गवत माझ्या खांद्याला लागलं. नवे भुंगे आणले, पण एवढ्या दाट गवताला पुरतील इतके ते वाढेस्तोवर दोन पावसाळे जातील. डॉक्टर या वेळी टोमणा मारायलाही थांबले नाहीत. "एवढा वेळ नाहीये," म्हणाले.

काल म्हशी विकल्या. बाहेर पांढरा फुलोरा भरलाय, त्यामुळं आईच्या खोलीची लाकडी खिडकी उघडता येत नाही. म्हशी टेम्पोत चढवताना हंबरल्या. आतून आई एवढंच म्हणाली, "जरा उघड ना रं, बघू दे."

मी उघडली नाही.