किल्ली पुसली गेल्यावर आलेली हाक

आधीच सांगून ठेवते – भुतंखेतं, अंगात येणं, उतारे टाकणं, यातलं काहीच मला पटत नाही. पटायचं कारणही नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. आमच्या कामात कुणी “आपोआप झालं” म्हणालं की आम्ही त्याला चहा पाजतो आणि परत लॉग, म्हणजे मशीननं स्वतः ठेवलेली नोंद, बघायला बसवतो. आपोआप काही होत नसतं. तरी हे लिहितेय, कारण लॉग मी स्वतः बघितला आणि त्यात काही सापडलं नाही.

आमचं गाव लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या अलीकडे. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर नवीन जागी वसवलेलं, त्यामुळे गल्ल्या सरळ आणि घरं सारखी. आमचं घर गावाच्या टोकाला. दोन खोल्या, मागं पत्र्याचं शेड आणि शेडला लागून मेंढरांचा जाळीचा वाडा. आम्ही मेंढपाळ. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर मेंढरंच राखली. आई मी लहान असतानाच गेली. दादा ट्रकवर असतो, नळदुर्गहून हायवेला लागला की आठ-आठ दिवस घरी नाही. मग मेंढरं आणि आबा, दोन्ही कोणी सांभाळलं? तर वहिनीनं. शोभावहिनीनं.

हे वाक्य लिहितानासुद्धा माझ्या पोटात दुखतंय. खोटं कशाला बोलू?

मी पुण्याहून फोन केला की आबा विचारायचे, “जेवलीस का?” मी म्हणायची, “हो.” झालं, आमचं बोलणं संपलं. “घे, शोभाशी बोल,” म्हणून फोन तिच्या हातात. मग मागून त्यांचा आवाज यायचा... शोभा, ती काळी मेंढी बघ. शोभा, चहा टाक. शोभा, शोभा, शोभा! लेक मी, शिकले मी, गावातनं पुण्याला गेलेली पहिली पोरगी मी, आणि दिवसभर नाव मात्र तिचं. मनातल्या मनात मी तिला आयत्या बिळावरचा नागोबा म्हणायची. आबा गेले तेव्हा मी बसमध्ये होते. शेवटचं पाणी तिनं पाजलं. मला त्यांचा एक शब्द मिळाला नाही, आणि ते मला अजून सोसत नाही.

तर आबा जाऊन वर्ष व्हायचं होतं. नवरा कामासाठी परदेशात, म्हणून मी लॅपटॉप आणि टेस्टिंगचा बोर्ड, म्हणजे चिप बसवलेली तळहाताएवढी उघडी पाटी, घेऊन काही महिने माहेरी आले होते. काम होतं कर्नलचं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा आतला गाभा, ज्याच्यावर बाकी सगळं उभं असतं. त्यात एक नवी सोय येणार होती. फाइल कुलूपबंद करायची किल्ली एका चिपच्या आतच राहणार, खुद्द कर्नललाही ती उघडी दिसणार नाही. चिप कर्नलला नुसतं एक बंद पुडकं देते. तेच पुडकं त्याच चिपला परत दिलं की फाइल उघडते. पण बोर्डाची वीज गेली की चिप आतलं गुपित विसरते, कायमचं. मग पुडकं हातात असून उपयोग शून्य, फाइल मेली. उघडायला गेलं तर स्क्रीनवर एवढंच येतं – “रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल.” किल्ली उपलब्ध नाही.

माझी टेस्ट हीच. फाइल ठेवायची, उघडते ना बघायचं, वीज तोडायची, बोर्ड परत चालू करायचा, जुनं पुडकं द्यायचं. फाइल उघडली नाही तर टेस्ट पास. उघडली तर फेल. ऐकायला उलटं वाटतं, पण आमचं असंच असतं.

आणि वीज तोडायला आमच्या गावासारखं गाव नाही. लाईट गेली की लोक शिव्या घालायचे, मी खूश व्हायची. आमचा पुण्याचा टीम लीड, अमेय, म्हणायचा, “तुमच्याकडची लाईट जाते तशी आम्हाला लॅबमध्ये घालवता येत नाही गं.”

टेस्टसाठी फाइल कोणतीही चालते. मी आबांच्या आवाजाची क्लिप ठेवली होती. माळावर मेंढरांना हाक घालताना वहिनीनं कधीतरी फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवलेली. (बघा, रेकॉर्डिंगसुद्धा तिचंच!) हुर्रऽऽ... हाऽऽ... आणि शेवटी एक खोकला. संपली. मी बोर्डाला छोटा स्पीकर जोडला होता, म्हणजे फाइल उघडली तर कानालाच कळेल, स्क्रीनकडे डोळे लावून बसायला नको. आणि खरं सांगू का, वीज तोडायच्या आधी फाइल उघडते का बघावं लागायचं ना, तेवढ्या निमित्तानं आबा ऐकू यायचे.

वहिनी पहिल्यांदा ते ऐकून दारातच थांबली होती. मग खिडकीतनं वाड्याकडं बघून म्हणाली, “ताई, मेंढरं बगा की. मान बी वळवीनात. त्यायला म्हाईतंय, ह्यो आबा न्हाय, डबा हाय.” मला राग आला होता. हिला सगळंच माहीत!

बरेच दिवस टेस्ट पास होत होती. रोज.

त्या दिवशी दुपारी लाईट गेली, थोड्या वेळानं आली. मी खोलीत जमिनीवर बसलेले, लॅपटॉप मांडीवर. बोर्डाचा हिरवा दिवा लागला. टेस्ट चालवणारी स्क्रिप्ट जुनं पुडकं चिपला द्यायला लागली. तेवढ्यात वहिनी ताकाचा तांब्या घेऊन दारात आली.

आणि स्पीकरमधनं आबांची हाक आली.

हुर्रऽऽ... हाऽऽ... मग खोकला. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? फेल! बग सापडला! टेस्टरला याच्यासारखा आनंद नाही. क्लिप इथं संपते. पण ती संपली नाही. खोकल्यानंतर घसा साफ केल्यासारखा आवाज झाला, आणि...

“शोभाऽ, मेंढरायला पाणी दावलंस का गं?”

“व्हय आबा, दावलं की आत्ताच,” वहिनी म्हणाली.

सवयीनं म्हणाली हो. उत्तर देऊन झाल्यावर तिला कळलं आपण कुणाला बोललो ते. माझी नजर खिडकीतनं बाहेर गेली. उन्हात रवंथ करत बसलेली सगळी मेंढरं उठून उभी होती. सगळ्यांची तोंडं आमच्या खोलीकडं.

मी स्क्रीन बघितली. “रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल.” खाली हिरव्या अक्षरात – पास.

भीती वाटली, पण नंतर. सगळ्यात आधी काय वाटलं ते तुम्हाला विचित्र वाटेल. मला हेवा वाटला. अंगाचा नुसता तिळपापड झाला. वर्षभर ज्या आवाजासाठी मी झुरतेय, तो आला, माझ्या बोर्डातनं आला, मी हातभर अंतरावर बसलेय... आणि हाक कुणाला? तिला! तीही कसली, तर मेंढरांच्या पाण्याची!

“वहिनी, तुमच्या फोनमध्ये दुसरी क्लिप आहे ना? लावलीत ना तुम्ही?” मी ओरडलेच.

“माजा फोन लोहाऱ्याला दुरुस्तीला दिलाय, ताई. तुमीच नव्हं का परवा दिऊन आलात?”

हे खरं होतं. मीच दुकानात देऊन आले होते.

“मग हा काय खेळ आहे?”

तिनं तांब्या खाली ठेवला. डोळे भरले होते, पण आवाज चढला. “म्या असला खेळ करीन व्हय? त्यो आवाज ऐकाया म्या काय कमी तरसलेय? सकाळी उठलं की पयला चहा अजून त्यांच्या वाटणीचा टाकते म्या.”

मला हे नको होतं. तिला आबांची आठवण येणं हेसुद्धा मला नको होतं, इतकी मी त्या क्षणी वाईट झाले होते.

मग मी माझ्या धंद्यावर आले. पुन्हा टेस्ट. वहिनी दारात उभी असताना, आत बसलेली असताना, नसताना. लाईट आपोआप जायची वाट बघितली नाही, मीच बोर्डाची विजेची पिन काढली, घातली. काही नाही. पास, पास, पास. मूळ क्लिप वेग कमी करून ऐकली. खोकल्याच्या पुढं एक अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी आपणहून म्हणाली, “ताई, म्या हाय म्हणून आबा तुमाला बोलंनात, असं वाटतंय नव्हं तुमाला?”

मी उगाच बोर्डाची पिन चाचपत बसले.

“म्या मेंढरं घिऊन लांब माळावर जाते. घरात कुनी न्हाय. तुमी बसा निवांत.”

आणि ती गेली. मेंढरं गेली, वाडा रिकामा झाला. मी दार लोटलं. आधी क्लिप लावली, आबांची हाक पूर्ण ऐकली, खोकल्यासकट. मग पिन काढली. परत घातली. दिवा हिरवा झाला, आणि मी एवढी इंजिनिअर बाई त्या बोर्डापुढं वाकून म्हणाले, “आबा, मी आलेय. मी आहे इथं. काहीही विचारा. जेवलीस का विचारा.”

रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल. पास.

उन्हं कलेपर्यंत मी तेच करत होते. वहिनी परत आली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि चुलीकडं गेली. रात्री तिनं ताट वाढून समोर ठेवलं आणि म्हणाली, “जेवा, ताई.” मी जेवले. त्या घासाघासाला मला तिचा राग येत होता आणि रडूही येत होतं.

अमेयला मी सगळं सांगितलं. म्हणजे आबांचं सोडून. फाइल वाजल्यासारखी वाटली, म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून बोर्डाचा लॉग नीट तपासला. त्या वेळेला स्पीकरकडं आवाज गेलाच नव्हता, फाइल उघडलीच नव्हती. पुण्यात त्यांनी तसाच दुसरा बोर्ड घेऊन खूप प्रयत्न केले, एकदाही उघडली नाही. शेवटी तो म्हणाला, “टेस्टर तू आहेस. तूच सांग, पास की फेल?”

मी म्हणाले, पास.

ती सोय पुढं कर्नलमध्ये गेली. अशा कामाखाली ज्यानं तपासलं त्याचं नाव लिहायची पद्धत असते – टेस्टेड बाय. जगभरात जिथं जिथं तो कोड जाईल तिथं ती ओळ जाते, कुणी पुसत नाही. लग्नानंतर मी नाव बदललेलं नाही, त्यामुळं त्या ओळीत माझ्या नावाच्या मागं आबांचं नाव आहे. मी वहिनीला स्क्रीनवर दाखवलं. तिला इंग्रजी अक्षरं लागतात थोडी. बोट ठेवून तिनं आबांचं नाव वाचलं आणि हरखून म्हणाली, “बगा, आबा तुमच्यासंग कुठवर गेले!”

गेले खरे. पण हाक तिला आली.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. मेंढरं का उठली, तेही नाही. त्या ओळीत मी जगाला लिहून दिलंय की किल्ली एकदा गेली की काही उघडत नाही, मी स्वतः तपासलंय. माझ्यापुरतं ते अगदी खरं आहे. तुमच्यापैकी कुणाला स्पष्टीकरण सुचलं तर जरूर लिहा, मी वाचीन. फक्त आबा तिच्यासाठी आले होते, एवढं लिहू नका. ते मला माहीत आहे.