दानाच्या पलंगाची फळी

यज्ञेश्वरकाका पंचवटीतले भिक्षुक. रामकुंडावर दहाव्या-तेराव्याचे विधी सांगण्यात त्यांचा जन्म गेला. हात मात्र सुताराचे. घरचा देव्हारा त्यांनीच घडवलेला, आणि पाहुण्याला चहाच्या आधी तो दाखवायचा ही त्यांची जुनी खोड. त्यामुळे सून वल्लरी जेव्हा म्हणाली, "बाबा, लॅपटॉप घेऊन टेकून बसलं की भिंत पाठीला टोचते, पलंगाला हेडबोर्ड करून द्याल?" तेव्हा काका हरखूनच गेले. लाकूड कुठून आणणार, ते मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

लाकूड होतं शय्यादानातल्या पलंगाचं. माणूस गेला की घरचे त्याच्या नावानं गुरुजींना पलंग, गादी, उशी देतात. गुरुजी त्यावर निजले की तिकडे गेलेल्याला विसावा मिळतो, अशी श्रद्धा. काका हे यजमानाला असं समजावून सांगत की त्याचे डोळे भरून येत. वर म्हणत, "मी निजेन हो त्याच्यावर, निर्धास्त जा." निजले मात्र एकदाही नाहीत. त्यांना भीती वाटायची. पलंग चार दिवस जिन्याखाली पडून राही आणि मग विकला जाई. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय.

हा पलंग विकवला नाही, कारण तो जुना, अस्सल सागवानी होता. सायखेड्याच्या एका मुलानं बापाचा रोजचा पलंगच टेम्पोत घालून आणला होता. "दुसऱ्या पलंगावर त्यांना झोप नाय लागायची, गुरुजी," असं तो म्हणाला होता. काकांनी पलंग खोलला, फळ्या जोडल्या, दर्शनी बाजूला रंधा मारून पॉलिश दिलं. वल्लरीनं फोटो काढून सगळ्या ऑफिसला पाठवले. येईल त्याला ती सांगे, "आमच्या बाबांनी केलंय." काका कसनुसं हसत आणि काहीतरी निमित्त काढून आत जात. ज्या लाकडाला पाठ लावायला आपण भ्यालो, ते सुनेच्या उशाशी दिलं, आणि तेही तिला दिवस गेलेले असताना. आरशात स्वतःकडे बघायचीही त्यांना लाज वाटू लागली.

दिवाळीच्या झाडलोटीत मुलानं, विश्वेशनं, पलंग पुढे ओढला. भिंतीकडे जाणारी बाजू म्हणून काकांनी फळीची पाठ तासली नव्हती. तिथे दानाच्या पूजेतली हळदीकुंकवाची बोटं होती, दोन अक्षता चिकटलेल्या होत्या.

"हे काय, बाबा?" वल्लरीनं विचारलं.

"कामाला हात घालण्याआधी पूजा केली होती," काका बोलून गेले.

ती लगबगीनं देव्हाऱ्यापाशी गेली, कुंकवाचा करंडा घेऊन आली, त्या बोटांशेजारी तिनं आपलं एक बोट ओढलं आणि हात जोडले. एवढ्या भाबड्या मनाला आपण फसवतो आहोत हे काकांना सहन होईना.

"थांब. खोटं बोललो मी," ते म्हणाले, आणि मान खाली घालून त्यांनी सगळं सांगून टाकलं. दारात उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी शैलाकाकूंनी कपाळाला हात लावला. विश्वेश बाहेर निघून गेला. आता सून रडेल, माहेरी जाते म्हणेल, अशी काकांनी मनाची तयारी केली होती.

वल्लरीनं फळीवर तळवा ठेवला. मग म्हणाली, "मला भीती नाही वाटत, बाबा. तुम्ही लपवलंत, त्याचं वाईट वाटलं. नाव काय होतं त्यांचं? रोज हात जोडताना घेत जाईन."

काका आठवू लागले. टेम्पोचा रंग आठवला. मुलाचं मुंडण केलेलं डोकं आठवलं. पॉलिशचे किती हात दिले, तेसुद्धा आठवलं. ते नाव त्यांनी स्वतः गोत्रासकट उच्चारलं होतं, मुलाकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं होतं. नेमकं तेवढं आठवेना. वल्लरी वाट बघत होती.

"नाही गं आठवत," काका म्हणाले, आणि त्यांना तिच्यासमोर उभं राहवेना.