ठणठणीत

ट्रेलर आला त्या दिवशी मी दारातच कपाळाला हात लावला. टेम्पोतून चौघांनी मिळून तो अंगणात उतरवला, म्हणजे टाकलाच, आणि त्याच्या अंगावरचे गंजाचे पापुद्रे सुटून माझ्या नुकत्याच धुतलेल्या पायरीवर पसरले. दोन चाकं, त्यातलं एक बसलेलं. पुढे गाडीला अडकवायचा लांब दांडा. मागे नुसता लोखंडी सांगाडा, वरच्या फळ्या कधीच्या कुजून गेलेल्या. एका कोपऱ्याला कुठलासा वेल गुंडाळलेला होता आणि त्याला दोन हिरवी पानंसुद्धा होती.

"अहो, हे काय आणलंत?"

आमचे हे ट्रेलरभोवती फेरी मारत होते.

"अहो!"

छे. शेवटी मी समोर जाऊन उभी राहिले, तेव्हा म्हणाले, "काही म्हणालीस का? ही बघ तुझी खाट."

खाटेची गोष्ट अशी, की मी तीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून काढली आणि मशीन अजून सुरेख चालतं, पाठ मात्र चालत नाही. तासभर बसलं की आडवं व्हावंच लागतं. आमची लेक राहते ती अकरा तासांच्या रस्त्यावर. चार वर्षांत मी तिचं घर पाहिलेलं नाही. तिने घर बदललं, खिडक्यांना पडदे कुठले लावू म्हणून मला फोटो पाठवले, मी इथे बसून पडदे शिवले आणि पार्सलने धाडले. बसमध्ये आडवं कुठे होणार? एकदा प्रयत्न केला होता, तर अर्ध्या वाटेतून परत आले आणि पुढचे आठ दिवस छताकडे बघत पडून राहिले. तेव्हापासून यांच्या डोक्यात घोळत होतं, की चाकांवर एक खोली बांधायची आणि भाड्याच्या जीपमागे जोडायची. आत पलंग. दर तासाला थांबायचं, हिने पाठ टेकायची, मग पुढे. अकरा तासांचे दोन दिवस झाले तर होऊ देत.

"डोंबलाची खाट," मी म्हटलं. "हे भंगार आहे."

"वरून आहे," म्हणत यांनी खिशातून छोटी हातोडी काढली.

आता या हातोडीबद्दल सांगायला हवं. हे ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात छत्तीस वर्षं होते. आधी वेल्डर, मग इतरांचे जोड तपासायला. तिथे यांना सगळे डॉक्टर म्हणायचे, कारण हातोडीने ठोकायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं ही यांची पद्धत. चांगलं लोखंड ठण्ण वाजतं. आत काही बिघडलं असलं, की आवाज बद्द येतो, तडा गेलेल्या मडक्यासारखा. आवाज ठण्ण आला, की हे म्हणणार "ठणठणीत", आणि खडूने बरोबरची खूण करणार. खूण नसेल तर ट्रक फाटकाबाहेर जायचा नाही, मालक येऊन डोकं आपटून गेला तरी. हा शब्द मग घरात आला. खुर्ची ठणठणीत, कुकर ठणठणीत. लेक झाली तेव्हा दवाखान्यात तिच्या तळपायावर टिचकी मारली, ती ठो ठो रडली, आणि हे म्हणाले, "ठणठणीत!" नर्सने यांना बाहेर काढलं.

महिनाभर अंगणात दुसरं काही चाललंच नाही. बोल्ट इतके गंजले होते, की पाना लावला की डोकंच तुटून हातात यायचं. मग ते कापून काढायचे. चाकांचे बेअरिंग उघडले तर आतलं ग्रीस काळ्या दगडासारखं झालेलं. तारेचा ब्रश, मग घासायची चकती, मग पॉलिश पेपर. हे संध्याकाळी आत यायचे ते विटेच्या भट्टीतून आल्यासारखे तांबडे, आणि टॉवेलचं जे व्हायचं ते मी सांगत नाही. शेजारचे मास्तर रोज कुंपणावरून डोकावायचे आणि सल्ला द्यायचे. आयुष्यात ज्यांनी पंक्चर काढलं नाही त्यांनी यांना गंजाबद्दल शिकवायचं! पण हे शांत. मान डोलवायचे आणि घासत राहायचे. मला कौतुक वाटायचं, इतका सोशिक माणूस माझ्याशी बोलताना कुठे जातो!

कारण माझ्या हाकेला ओ द्यायचं यांनी सोडूनच दिलं होतं. तीनदा अहो म्हणावं तेव्हा एकदा मान वळायची. टीव्ही मात्र गल्लीला ऐकू जाईल इतका मोठा. मी समजत होते, हे कानाडोळा करतात. निवृत्त झाल्यावर पुरुषांचं असं होतं, असं मी स्वतःला सांगून टाकलं होतं. लेकीचा फोन आला तर दोन वाक्यं, "बरी आहेस ना? हां, हां, आईशी बोल", आणि फोन माझ्या हातात. लेक एकदा म्हणालीसुद्धा, "आई, बाबांना माझ्याशी बोलायचा कंटाळा येतो का गं?" मी तिलाच दटावलं, आणि फोन ठेवल्यावर यांच्याशी कडाकडा भांडले. हे मुकाट ऐकून घेत होते. म्हणजे मला वाटलं, ऐकून घेत होते.

मंगळवारी सांगाडा तपासायचा होता. गंज सगळा निघालेला, लोखंड राखाडी दिसत होतं. आता ठोकून बघायचं आणि मग लाल प्रायमर. मी पायरीवर गादीच्या खोळीची शिवण घालत बसले होते. यांनी मागच्या टोकापासून सुरुवात केली. ठण्ण. मान तिरकी. "ठणठणीत." खूण. ठण्ण. "ठणठणीत." खूण. अशा दहाबारा जागा झाल्या. मग पुढचा दांडा सांगाड्याला जिथे मिळतो तिथे आले. ट्रेलरचं सगळं वजन त्या एका जागी ओढलं जातं. यांनी ठोकलं.

बद्द.

माझी सुई थांबली. यांनी मान तिरकी केली, पुन्हा ठोकलं. पुन्हा बद्द, मास्तरांनाही कळला असता इतका स्वच्छ बद्द.

"ठणठणीत," हे म्हणाले, आणि खूण करून पुढे गेले.

ते तीन-तीनदा म्हटलेलं अहो, ते फोन, टीव्हीचा तो वाढवलेला आवाज, मास्तरांच्या सल्ल्यापुढची ती शांत मान, सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं. यांना ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांना ऐकू येत नव्हतं, आणि मी, बायको, बाजूच्या उशीवर झोपणारी, मला पत्ता नव्हता.

तोंडाळ म्हणून माझी ख्याती आहे. पण त्या दिवशी मी मूग गिळून बसले. काय सांगणार? छत्तीस वर्षं ज्या कानाच्या भरवशावर ट्रक रस्त्यावर गेले तो कान गेला, हे मी, खोळ शिवता शिवता, सांगायचं? दुसऱ्या दिवशी यांनी प्रायमर लावला. ती जागा लाल झाली, खडूची खूणही झाकली गेली. तिकडे लेकीने फोनवर सांगितलं, की ट्रेलर उभा करायला तिने फाटकाशेजारची जागा साफ करून घेतली आहे आणि सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं आहे. मी हो हो म्हणत होते आणि डोळ्यांसमोर तो दांडा दिसत होता.

शुक्रवारी हे टायर आणायला गेले तेव्हा मी माझी मोठी कात्री घेऊन बाहेर आले. तिच्या मुठीने ठोकत गेले. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. आणि तिथे बद्द. माझे कान वाजत असतील अशी एक वेडी आशा होती, तीही गेली.

शनिवारी हे पाठमोरे बसून चाकाच्या नटांना तेल देत होते. मी मागे जाऊन उभी राहिले.

"अहो, चहा घेता?"

काही नाही. जरा मोठ्याने म्हटलं. काही नाही.

"अहो," मी म्हटलं, "मी दोन वर्षं तुम्हाला मनातल्या मनात ठोंब्या म्हणतेय. ते माझं चुकलं."

हे नटाला तेल देत राहिले. मला तिथेच रडू फुटलं.

मग मी पुढे गेले. यांचा तेलकट हात धरला, उठवलं, आणि तो हात सांगाड्याच्या चांगल्या भागावर सपाट ठेवला. हातोडी घेऊन बाजूला ठोकलं. तळव्याला झिणझिण्या आल्या असणार, कारण यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात उचलून मी दांड्याच्या जोडावर ठेवला आणि ठोकलं. यांनी हात काढला नाही. "पुन्हा," म्हणाले. मी पुन्हा ठोकलं.

हे स्क्रूड्रायव्हर घेऊन ट्रेलरखाली गेले. खालच्या बाजूला टोक दाबलं तर ते बिस्किटात जावं तसं आत गेलं. चौकोनी पोकळ नळी, तिच्यात वर्षानुवर्षं पाणी साठलेलं. वरून गुळगुळीत, आतून पोखरलेली. भुगा यांच्या छातीवर सांडला.

"तुला कधी कळलं?" खालूनच विचारलं.

मी खाली वाकून, तोंड यांच्याकडे करून सांगितलं, "मंगळवारी. आणि तुम्हाला?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं! मग कशाला ठोकत बसला होतात?"

"तू पायरीवर बसून बघत होतीस ना." मग छातीवरचा भुगा झटकत, "डोळ्यांना ठीक दिसत होतं गं. वाटलं, दिसतं तसंच असेल."

मला इतका राग आला, की हातोडी टाकून मी आत गेले. या माणसाने मला त्यावर बसवून अकरा तास नेलं असतं! भर रस्त्यात दांडा सुटला असता तर? केवढ्याने ओरडले मी, आणि मग लक्षात आलं, की हे बाहेर आहेत आणि ओरडून उपयोग नाही. आणखी एक लक्षात आलं, की चार दिवस मीही तोंडाला कुलूप लावून प्रायमर लागू दिलाच होता. मी चहा टाकला. दोन कप घेऊन बाहेर गेले.

"उद्या कापतो," हे म्हणाले. "नवा तुकडा घालावा लागेल. तीन आठवडे जातील."

"लेकीला सांगायला हवं."

"मी सांगतो."

फोन यांनीच लावला, स्पीकरवर टाकला आणि मी शेजारी बसले. "हे बघ," हे म्हणाले, "मला तुझा आवाज ऐकू येत नाही. कंटाळा वगैरे काही नाही. तुझा आवाज बारीक आहे, तुझ्या आईसारखा नाही. तू बोल, ही मला सांगेल." पलीकडून हुंदका आला. हे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "रडतेय."

"तिला सांग, ट्रेलर तीन आठवडे उशिरा येईल."

मग लेक मोठ्याने बोलायला लागली आणि कानाचं मशीन घ्यायचं असं तिने ठरवूनच टाकलं. मी सगळं सांगितलं. "आधी ट्रेलर, मग कान," हे म्हणाले, पण नाही म्हणाले नाहीत.

तीन आठवड्यांचे चार झाले. सडका भाग कापला, नवी जाड नळी बसवली, आणि आत पाणी साठू नये म्हणून खाली दोन भोकं पाडली. वेल्डिंग करताना मला आत पाठवायचे, डोळ्यांना त्रास होईल म्हणून. नंतर जोड घासून साफ केला, आणि मग हातोडी घेऊन मला पायरीवरून उठवून ट्रेलरपाशी उभं केलं.

मागच्या टोकापासून पुन्हा सगळं. हे ठोकायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली, की खूण. एका जागी मी थोडा वेळ लावला, मुद्दाम, तर यांचा चेहरा असा झाला, की मलाच वाईट वाटलं. शेवटी नव्या जोडापाशी आलो. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे जोड तपासले या माणसाने. यांनी हातोडी उचलली आणि ठोकली.

आवाज असा निघाला, की मास्तर कुंपणावरून डोकावले. हे माझ्या तोंडाकडे बघत उभे होते.

"ठणठणीत," मी म्हटलं.

"नक्की?"

"पुन्हा ठोका."

गरज नव्हती, मला तो पुन्हा ऐकायचा होता. यांनी ठोकलं. मी पुन्हा म्हटलं, ठणठणीत, अगदी सावकाश, ओठ दिसतील असं. यांनी खडू माझ्या हातात दिला. पाठ नको म्हणत होती, तरी मी वाकले आणि जोडावर बरोबरची खूण केली. ती जरा तिरकी आली. पुसून नीट काढू लागले तर हे म्हणाले, "असू दे गं."